विश्लेषण : शेगडीत आयजीबीटी, स्कूटरमध्ये मॉसफेट... वीज हाताळणारा स्विच कसा निवडतात?

इंडक्शन शेगडीवर दूध तापत असताना अचानक ‘फट्’ असा आवाज होतो आणि घरातला एमसीबी पडतो. दुरुस्तीवाला शेगडी उघडतो, मीटर लावतो आणि एका वाक्यात निदान करतो : ‘आयजीबीटी उडालाय.’ इलेक्ट्रिक स्कूटर बंद पडली तर दुसरा कारागीर सांगतो : ‘कंट्रोलरचे मॉसफेट गेलेत.’ पंख्याचा जुना रेग्युलेटर बिघडला की दोष निघतो ‘ट्रायक’चा. तिन्ही भाग दिसायला जवळपास सारखेच. काळा चौकोनी तुकडा, खाली तीन पाय आणि बहुधा मागे धातूची पट्टी. काम तेच, वीज चालू-बंद करण्याचे. मग तीन नावे कशासाठी आणि एकाच्या जागी दुसरा का चालत नाही? लोकलच्या वीजबिलापासून ई-वाहनाच्या किमतीपर्यंत बरेच काही या निवडीवर अवलंबून असते.

एवढ्या वेगाने चालू-बंद करायचे कशाला?

पंख्याचा वेग कमी करण्यासाठी पूर्वी भिंतीवर मोठा, तापणारा रेग्युलेटर असे. त्यात तारेचे वेटोळे होते आणि नको असलेली वीज त्यात जळून जाई. वेग कमी झाला तरी वीज त्या प्रमाणात वाचत नसे. आधुनिक पद्धत वेगळी आहे. स्विच एक तर पूर्ण चालू ठेवायचा, नाही तर पूर्ण बंद. तो सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो आणि किती वेळ चालू, किती वेळ बंद या प्रमाणावर मोटरला मिळणारी वीज ठरते. पूर्ण बंद स्विचमधून प्रवाह जात नाही, म्हणून तो तापत नाही. पूर्ण चालू स्विचवर व्होल्टेज जवळपास उरत नाही, म्हणून तोही फारसा तापत नाही.

‘जवळपास’ आणि ‘फारसा’ या दोन शब्दांतच सगळी मेख आहे. प्रत्यक्षातला स्विच दोन ठिकाणी वीज खातो. एक, चालू असताना त्यातून प्रवाह जातो तेव्हा. दोन, चालूचा बंद आणि बंदचा चालू होण्याच्या क्षणी, कारण त्या निमिषार्धात व्होल्टेज आणि प्रवाह दोन्ही एकदम हजर असतात. समजा एका उघडझापीत दोन मिलिज्यूल ऊर्जा वाया जाते. सेकंदाला १० हजार उघडझापी असतील तर २० वॉट गेले. एक लाख असतील तर २०० वॉट. ही उष्णता नखाएवढ्या चिपमधून बाहेर काढायची असते. अभियंता स्विच निवडतो म्हणजे या दोन्हींपैकी कोणती उष्णता आपल्याला परवडेल, हे ठरवतो.

मॉसफेट की आयजीबीटी?

मॉसफेट चालू झाला की साध्या तारेसारखा वागतो, म्हणजे त्याला थोडा रोध असतो. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. आयजीबीटीचे तसे नाही. त्यातून जाताना प्रवाहाला साधारण दीड-दोन व्होल्टचा ‘कर’ भरावा लागतो. प्रवाह अगदी कमी असला तरी यातले पाऊण-एक व्होल्ट सुटत नाहीत. रिक्षात बसले की किमान भाडे द्यावेच लागते, तसे.

स्कूटरचे गणित मांडून पाहू. ५० व्होल्टची बॅटरी, चढावर १०० अँपिअर प्रवाह, म्हणजे पाच किलोवॉट. कंट्रोलरमध्ये प्रवाह एका वेळी दोन स्विचमधून जातो. प्रत्येक मॉसफेट-संचाचा रोध दोन मिलिओहम धरला तर एका स्विचमध्ये २० वॉट आणि दोन्ही मिळून ४० वॉट जातात. तिथे आयजीबीटी बसवले तर दीड व्होल्ट गुणिले १०० अँपिअर म्हणजे १५० वॉट, दोन्ही मिळून ३००. पाच किलोवॉटपैकी सहा टक्के वीज नुसती कंट्रोलर तापवण्यात गेली. शहरातल्या वाहतुकीत तर स्कूटर बहुतेक वेळ कमी प्रवाहावरच चालते. १० अँपिअरला मॉसफेटमधली उष्णता शंभरपट घटून ०.२ वॉट होते. आयजीबीटी मात्र किमान भाडे घेतच राहतो. त्यामुळे स्कूटर, ई-रिक्षा, इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बाजू, नवे बीएलडीसी पंखे या सगळ्यांत मॉसफेट बहुधा निर्विवाद असतो.

आता शेगडी. घरातली २३० व्होल्टची वीज एकदिश केली की शिखर ३२५ व्होल्टवर जाते. शेगडीच्या आत गुंडाळी आणि कपॅसिटर यांचा झोका चालू असतो आणि त्या झोक्यात स्विचवर हजार व्होल्टच्या आसपास दाब येतो. त्यामुळे तिथे १२०० व्होल्ट सोसणारा भाग लागतो. इथे मॉसफेटची पंचाईत होते. जास्त व्होल्टेज अडवायचे तर सिलिकॉनचा थर जाड आणि कमी वाहक ठेवावा लागतो, आणि मग चालू असतानाचा रोध भरमसाट वाढतो. व्होल्टेजची क्षमता दुप्पट केली तर पारंपरिक रचनेत रोध पाच-सहा पट होतो. १२०० व्होल्टच्या सिलिकॉन मॉसफेटचा रोध अर्ध्या ओहमच्या पुढे सहज जातो. २० अँपिअरला म्हणजे २०० वॉटहून अधिक. तोच प्रवाह आयजीबीटीमधून नेला तर १.८ व्होल्ट गुणिले २०, म्हणजे ३६ वॉट.

आयजीबीटी हे कसे साधतो? मॉसफेटमध्ये फक्त इलेक्ट्रॉन धावतात. आयजीबीटीत इलेक्ट्रॉनच्या जोडीला विरुद्ध दिशेने धन-विवर सोडले जातात आणि त्या गर्दीमुळे जाड थरही चांगला वाहक बनतो. पण या गर्दीची किंमत बंद करताना मोजावी लागते. दादरला लोकल निघून गेली तरी फलाट लगेच रिकामा होत नाही. तसा स्विच बंद केल्यावरही आत उरलेले विवर ओसरेपर्यंत थोडा प्रवाह रेंगाळतो. हे ‘शेपूट’ दर उघडझापीला उष्णता देते. म्हणून आयजीबीटीला फार वेगाने पळवता येत नाही. शेगडीत तो २०-३० हजारांच्या आसपास चालतो आणि तिथेही मंडल असे रचलेले असते, की बंद होताना शेजारचा कपॅसिटर व्होल्टेजला हळू चढू देतो आणि आयजीबीटीची ही खोड झाकली जाते.

ढोबळ नियम असा : २००-२५० व्होल्टपर्यंत मॉसफेट, हजार व्होल्टच्या वर आयजीबीटी. मधल्या पट्ट्यात उघडझापीचा वेग, प्रवाह आणि किंमत यांची रस्सीखेच. ‘सुपरजंक्शन’ रचनेच्या मॉसफेटने ही सीमा ६००-९०० व्होल्टपर्यंत सरकवली. अनेक टीव्ही आणि संगणकांच्या वीजपुरवठ्यात तोच असतो.

आयजीबीटीच्या जन्माशी एक भारतीय नाव जोडलेले आहे. चेन्नईत जन्मलेले आणि आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले बी. जयंत बालिगा यांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९८०च्या दशकाच्या आरंभी तो व्यवहारात उतरवला. इतरत्रही या कल्पनेवर काम सुरू होते, पण कारखान्यात बनेल असे रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. २०२४ मध्ये त्यांना फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. शेगडी दुरुस्त करणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत असेल, कोण जाणे.

थायरिस्टर इतिहासजमा झाला का?

अजिबात नाही. या कुळातला हा आजोबा १९५०च्या दशकाच्या अखेरीस आला. त्याची रीत शेतातल्या पाटासारखी : एकदा फोडला की पाणी ओसरल्याशिवाय बंद होत नाही. चालू करायला छोटा इशारा पुरतो. बंद करण्याचा अधिकार मात्र चालवणाऱ्याकडे नसतो. घरगुती एसी विजेत प्रवाह सेकंदाला १०० वेळा आपोआप शून्यावर येतो, तेव्हाच तो बंद होतो. गोल फिरवण्याच्या रेग्युलेटरमधला ट्रायक म्हणजे दोन्ही दिशांनी चालणारा थायरिस्टर. तो दर अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा तुकडा कापतो. वेग कमी केल्यावर काही पंखे गुणगुणतात, ते या कापलेल्या लाटेमुळे.

बंद न करता येणे हा दोष. पण त्याच्या बदल्यात थायरिस्टर जे सोसतो ते इतरांना जमत नाही. एकच थायरिस्टर आठ हजार व्होल्टच्या घरातला दाब आणि हजारो अँपिअर प्रवाह पेलू शकतो, तेही अत्यल्प उष्णतेत. चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर धावणारी, उणे-अधिक ५०० किलोव्होल्टची आणि १५०० मेगावॉट क्षमतेची डीसी वाहिनी १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून थायरिस्टरवरच चालते.

एकाच जागी दोन वेगळे निर्णय पाहायचे तर तमिळनाडूतील पुगलूरकडे पाहावे. छत्तीसगडमधील रायगडहून (आपल्या किल्ल्याच्या रायगडाशी याचा संबंध नाही) सुमारे १,८०० किलोमीटरवरून ६,००० मेगावॉट वीज ८०० किलोव्होल्टला तिथे येते; दोन्ही टोकांना थायरिस्टर आहेत. पुगलूरहून पुढे केरळमधील त्रिशूरला जाणारी २,००० मेगावॉटची, ३२० किलोव्होल्टची वाहिनी मात्र आयजीबीटीवर चालते. २०२१ मध्ये तिचे लोकार्पण झाले. केरळात जागेची टंचाई असल्याने वाहिनीचा काही भाग भूमिगत आहे. थायरिस्टरला विजेची दिशा उलटवायची तर वाहिनीची ध्रुवता बदलावी लागते, जी आजच्या भूमिगत केबलला मानवत नाही. आयजीबीटीला त्याची गरज नसते. शिवाय थायरिस्टर केंद्राला समोरची एसी यंत्रणा जिवंत लागते, कारण तिच्याच लाटेवर ते बंद होतात. समोर पूर्ण अंधार झाला तर ते हतबल असतात. आयजीबीटी केंद्र मात्र अंधारातली यंत्रणा नव्याने उभी करू शकते. त्या बदल्यात उष्णता थोडी जास्त आणि खर्चही जास्त.

लोकलच्या पोटात काय बदलले?

मुंबईत १९२५ मध्ये विजेची लोकल धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. जुन्या डीसी गाड्या सुटताना मोटरसमोर रोध घालत आणि तो टप्प्याटप्प्याने काढत; दर स्थानकावरून सुटताना वीज अक्षरशः जाळली जाई. ब्रेक लावताना गाडीची सगळी गती ब्रेकच्या ठोकळ्यांत उष्णता होऊन जाई.

रेल्वेने आधी थायरिस्टरचाच एक सुधारित भाऊ वापरून पाहिला. जीटीओ नावाचा हा स्विच इशाऱ्याने बंदही करता येतो. १९९५च्या सुमारास स्वित्झर्लंडहून आलेल्या डब्ल्यूएपी-५ इंजिनांत तो होता. पण बंद करायचा इशाराच केवढा! मुख्य प्रवाहाच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाएवढा प्रवाह क्षणभर उलटा द्यावा लागे. १,००० अँपिअर थांबवायला २०० ते ३०० अँपिअरचा धक्का. त्यासाठी लागणारी मंडले स्विचहून अवजड. आयजीबीटीच्या गेटला साधारण १५ व्होल्टचा इशारा पुरतो. हजारो व्होल्ट पेलणारे आयजीबीटी तयार होऊ लागल्यावर जीटीओ मागे पडला आणि नंतरची इंजिने आयजीबीटीवर बनू लागली.

मुंबईत २००७ पासून आलेल्या नव्या लोकल आयजीबीटीच्या. ब्रेक लावताना त्यांच्या मोटरी जनित्र होतात आणि वीज तारेत परत जाते. थांबे जवळजवळ असलेल्या मार्गावर ही बचत मोठी असते. रेल्वेच्या सांगण्यानुसार ती ३० टक्क्यांच्या आसपास आहे. २०१६ पर्यंत मुंबईची उपनगरी सेवा डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर आली, त्याचाही या गाड्यांना उपयोग झाला.

सिलिकॉन कार्बाइडचा इतका गाजावाजा का?

आतापर्यंतची सगळी तडजोड सिलिकॉनच्या स्वभावातून आली. सिलिकॉन कार्बाइड हा पदार्थ सुमारे दहापट तीव्र विद्युतक्षेत्र सोसतो. म्हणजे तेवढेच व्होल्टेज दहाव्या हिश्शाच्या जाडीत अडवता येते. थर पातळ झाला की रोध कमी होतो, विवरांची गर्दी लागत नाही आणि शेपूटही उरत नाही. थोडक्यात, १२०० व्होल्टलाही मॉसफेट वापरता येतो. किमान भाडे नाही, वेग जास्त, उष्णता कमी. टेस्लाने मॉडेल ३ मोटारीत तो वापरला आणि विजेच्या मोटारींच्या दुनियेत चित्र पालटले. जपानच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या एन७००एस शिंकान्सेन गाडीतही सिलिकॉन कार्बाइड आहे.

मग सगळीकडे तोच का नाही? कारण तो बनवणे जिकिरीचे आहे. सिलिकॉनचा स्फटिक १,४१४ अंशांना वितळलेल्या द्रवातून मीटर-दीड मीटर लांब ओढून काढता येतो. सिलिकॉन कार्बाइड सहज वितळतच नाही. दोन हजार अंशांच्या वर त्याची वाफ करून स्फटिक जमवावा लागतो. कित्येक दिवसांत तो काही सेंटिमीटर वाढतो. कठीणपणात तो हिऱ्याच्या जवळ जातो, त्यामुळे कापणे-घासणेही महाग. मार्च २०२३ मध्ये टेस्लानेच जाहीर केले, की पुढच्या पिढीच्या वाहनांत सिलिकॉन कार्बाइडचा वापर ७५ टक्क्यांनी घटवू. भारतातही हालचाल आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ओडिशात भुवनेश्वर येथे सिलिकॉन कार्बाइड चिपच्या कारखान्याला मंजुरी दिली.

किमतीपलीकडेही अडचण आहे. शॉर्टसर्किट झाल्यास आयजीबीटी साधारण १० मायक्रोसेकंद तग धरतो. सिलिकॉन कार्बाइडच्या मॉसफेटला अनेकदा दोन-तीनच मायक्रोसेकंद मिळतात. संरक्षक मंडलाने तेवढ्यात ओळखून तोडले पाहिजे. अतिवेगवान उघडझापीने मोटरच्या इन्सुलेशनवर आणि बेअरिंगवर ताण येतो, तो वेगळाच. जुना काढून नवा बसवला की झाले, असे होत नाही.

मोबाइलच्या छोट्या पण दमदार चार्जरमध्ये हल्ली गॅलियम नायट्राइड असते. ते आणखी वेगवान. उघडझाप जितकी जलद, तितका ट्रान्सफॉर्मर लहान, म्हणून चार्जर खिशात मावतो. बाजारातले बहुतेक भाग ६५० व्होल्टच्या आसपास थांबतात आणि व्होल्टेजचा अचानक झटका सिलिकॉनइतका पचवत नाहीत.

सौर पंपाचा कंट्रोलर उन्हात का दगावतो?

निवडीचा खरा कस लागतो तो उष्णतेत. सौर कृषी पंपाच्या कंट्रोलरमध्ये पॅनेलची काहीशे व्होल्ट डीसी वीज तीन फेजच्या एसीत बदलणारे स्विच असतात, बहुधा आयजीबीटी. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश तापमान असते. उन्हात टांगलेल्या बंद पेटीत ते ६० अंशांवर जाऊ शकते. आतल्या स्विचमधून १०० वॉट उष्णता निघत असेल आणि हीटसिंकसकट दर वॉटला ०.६ अंश चढत असेल, तर चिप हवेपेक्षा ६० अंशांनी गरम, म्हणजे १२० अंशांवर असेल. अनेक आयजीबीटींची मर्यादा १५० अंशांची. कागदावर ३० अंशांची सवड दिसते. हीटसिंकवर धूळ बसली, पंखा अडकला किंवा चिपखालची पेस्ट सुकली, की ती संपते. त्यात ढग आला-गेला की चिप थंड-गरम होत राहते आणि तिला जोडणाऱ्या बारीक तारा व झाळ हळूहळू उचकटतात. कंट्रोलर पॅनेलच्या सावलीत, हवा खेळेल असा बसवला आहे का, हे बघायला शेतकऱ्याला अभियंत्याची गरज नाही.

नवा आयजीबीटी घातला, तोही उडाला... का?

शेगडीच्या बाबतीत ही नेहमीची तक्रार. आयजीबीटी बहुतेक वेळा बळी असतो, गुन्हेगार दुसराच. झोक्यातला कपॅसिटर क्षीण झाला की व्होल्टेजचे शिखर १२०० च्या पलीकडे जाते आणि नवा भाग पहिल्याच पातेल्याला फुटतो. गेटला इशारा देणारे छोटे ट्रान्झिस्टर जळालेले असतील, तर तो अर्धवट उघडा राहतो आणि काही सेकंदांत भाजतो. आतला पंखा बंद असेल किंवा झुरळांनी बोर्डवर घर केले असेल, तरी शेवट तोच. जास्त अँपिअरचा भाग घातला की टिकेल, ही समजूतही अपुरी. व्होल्टेज आणि वेग जुळले नाहीत तर मोठा आकडा कामाचा नाही. बाजारात जुन्या भागांवरचे अक्षर घासून नवे छापलेले तुकडेही फिरतात. भाव संशयास्पद कमी असेल तर तेच कारण असू शकते.

जाणकार कारागीर म्हणून आधी कपॅसिटर आणि गेटचे मंडल तपासतो, मग नवा भाग बसवतो आणि शेगडी थेट प्लगला न लावता १०० वॉटच्या साध्या बल्बमधून वीज देतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायचे. तो लख्ख पेटलेलाच राहिला, तर आत अजून शॉर्ट आहे आणि नवा आयजीबीटी वाचला आहे. घरच्यांनी मात्र हा प्रयोग करू नये. प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर काही वेळ ३०० व्होल्ट धरून बसतो.